अल्लाबक्ष मेस्त्रीची जीभ

आमच्या लोणंदात तेलाची पारख असनारी दोनच मानसं हुती. एक मी, बनुबाई, तेल्याच्या घरची सून. घान्याची कुरकुर थांबली की मला जाग येती. आन दुसरा आमच्या भिंतीला भिंत लागून ऱ्हानारा अल्लाबक्ष मेस्त्री. मी तेल हुंगून सांगायची, त्यो चाखून. आन करडईचं, शेंगदान्याचं न्हवं बरं का, मोटारीचं तेल! बोट बुडवायचा, जिभंच्या शेंड्याला लावायचा, बाजूला थुकायचा आन म्हनायचा, "जळालंय. बदला." न्हाईतर, "ह्यात घासलेट हाय. दुकानदारानं फसवलं तुमास्नी."

पहिल्यांदा बघितलं तवा मला ऱ्हावलं न्हाई. म्या भिंतीवरनं हाक मारली, "मेस्त्री, सुगराबी जेवाय घालत न्हाई काय? या हिकडं, करडईच्या तेलात भाकरी कुस्करून देते."

"नगं आक्का," त्यो म्हनला. "तुमचं तेल चाखलं तर खरं बोलावं लागंल. शेजार मोडंल."

आत सुगराबी फिस्सकन हसली. त्येची बायको ती. लय गुनाची, पर नवऱ्याच्या इनोदाला हसायचं काम तिनं कवा चुकवलं न्हाई.

अल्लाबक्ष हसला की त्येच्या उजव्या गालाची भाजलेली कातडी तानायची आन हसू डाव्या बाजूलाच ऱ्हायचं. डोळ्यांवर मिलिटरीनं दिलेला काळा चष्मा. त्येला काय बी दिसत न्हवतं. एका आगीनं डोळं नेलं आन नाक बी नेलं. वास कळायचा न्हाई. आमच्यात भजी तळली तरी म्या हाक मारल्याबिगर त्येला पत्ता न्हाई. जीभ आन बोटं तेवडी ऱ्हायली. म्हनून त्यो चाखायचा. हे मला मागनं कळलं, तवा त्या भाकरीच्या चेष्टेची माझी मलाच लाज वाटली. तरी चेष्टा काय सोडली न्हाई. आंधळ्या मानसाची सगळा गाव कीव करतो, एक तरी चेष्टा करनारं पायजे का नगं?

त्येचा बाप नालबंद. बाजाराला आलेलं बैल पाडून खुरांना पत्र्या ठोकायचा. पोराला बैलापरीस इंजनाची वड. ठेसनावर जाऊन गाडीखाली वाकून बघायचा आन ठेसनमास्तरच्या शिव्या खायाचा. लढाई लागली तवा भरतीवाल्यानं इचारलं, "काय येतं रं तुला?" ह्यो म्हनला, "लोखंड येतं." घेतला त्येला फिटर म्हनून. चार सालं मिलिटरीच्या मोटरसायकली दुरुस्त केल्या. बर्मात एक दिस वर्कशॉपच्या तंबूत पेट्रोल पेटलं. ह्यो आत हुता.

परत आला तवा ठेसनावर सुगराबीला वळखाय त्येनं तिच्या तोंडावरनं हात फिरवला. भर फलाटावर! ती बिचारी रडायचं इसरून लाजाय लागली.

आला आन एक सालभर वट्ट्यावर बसून ऱ्हायला. बोलायचा न्हाई, पाना-पक्कडीच्या पेटीला हात लावायचा न्हाई. एका शुक्रवारी नमाज झाल्यावर मशिदीच्या पायरीवर बसून चपला चाचपत हुता. कुनीतरी जाता जाता त्येच्या म्होरं पैसा टाकला. टाकनारा चांगल्या मनाचाच असंल. पैसा पायरीवर वाजला, आन अल्लाबक्षाला कळलं की गावानं आता त्येला कशात जमा धरलंय ते. घरी आला आन सुगराबीला म्हनला, "पेटी काढ."

तवापास्नं त्यो काम मागत फिरला. पर आंधळ्याच्या हाती गाडी कोन दील? सायकलींची पंक्चरं मिळायची, बस. म्या घान्याचं एक बेरिंग दिलं बदलाय, आन वर सांगितलं, "नीट बघून बसव हां."

"बघूनच बसवतो आक्का," त्यो म्हनला. "तुमच्यापरीस जास्त दिसतंय मला."

खोटं न्हाई. बसवलेलं बेरिंग अजून चालतंय.

आता हंबीररावाचं सांगते. राहीबाईचा एकुलता एक ल्योक, बहीन कोरेगावला दिलेली. गावाच्या खालच्या अंगाला त्यांचा मळा. हंबीरराव बी मिलिटरीत हुता. फटफटीवर बसून हापिसरांच्या चिठ्ठ्या हिकडनं तिकडं न्यायचा. त्येची फटफटी अल्लाबक्ष सांभाळायचा. आग लागायच्या आदल्या दिसापतूर. हंबीरराव सगळ्यांना सांगायचा, "मी जित्ता परत आलो ते ह्या अल्ल्यामुळं. त्येनं हात लावलेली गाडी मला कवा पाडली न्हाई."

लढाई संपल्यावर सरकारनं मिलिटरीच्या गाड्या इकाय काढल्या. शेचाळीस सालच्या उन्हाळ्यात हंबीरराव पुन्याकडनं तसलीच एक हिरवी फटफटी घिऊन आला. काय आवाज त्या मेलीचा! आमचा घान्याचा बैल दोन दिस पान्याला त्वांड लावंना. म्या म्हनलं, "हंबीरराव, लगीन करा आता, म्हंजे घरातच आवाज हुईल, ही रस्त्यावर फिरवाय लागायची न्हाई."

"आक्का, ही बरी," त्यो म्हनला. "हिला बंद करता येतं."

तर ती फटफटी. तिच्या पुढच्या चाकाला धरनारा जो चिमटा असतो, त्येचं दोन पाय. हे पाय म्हंजे नळकांड्यात नळकांडं, आत स्प्रिंग आन तेल. खड्डा आला की वरचं नळकांडं खालच्यात जातं आन तेल दनका खातं. तेल दोनी पायांत सारखं पायजे. एक पाय हालला आन दुसरा न्हाई, तर चाक वाकडं वढतं आन मानूस पडतो. हे समदं मला अल्लाबक्षानं शिकवलंय, लाटनं आन फुकनी हातात धरून. हंबीररावाच्या गाडीचा चिमटा ठाक-ठाक वाजाय लागला हुता. तेल खराब झालं हुतं.

फलटनला सयाजीराव म्हनून एक मोटारवाला हुता. दोन सर्विस गाड्या त्येच्या, फलटन ते लोणंद ठेसन. त्येला कायमचा मेस्त्री पायजे हुता. हंबीररावानं त्येच्याकडं जाऊन अल्लाबक्षाचं नाव काढलं. सयाजीराव म्हनला, "आंधळा? माझ्या गाडीत बाया-पोरं बसत्यात हंबीरराव."

"माझ्या फटफटीवर मी बसतो. तिचा चिमटा त्येला तुमच्या म्होरं खोलाय लावतो. सोताच्या डोळ्यानं बघा, मंग बोला."

असं ठरलं. त्या एका कामावर अल्लाबक्षाचा मेस्त्रीपना टांगला हुता. जमलं तर फलटनला नोकरी, न्हाईतर मशिदीची पायरी. त्यो हे तोंडानं बोलला न्हाई, पर दोन दिस आदीपास्नं एकेक पाना घासलेटात धुवून पुसत बसला हुता.

त्या साली आमचा श्रावन आन त्यांचा रमजान संगंच आला. मी सोमवारी उपाशी, ती दोगं रोजच. मी सुगराबीला म्हनायची, "तुमच्या देवाचा कारभार कडक बाई. आमचा साबुदान्यावर भागवतो."

हंबीररावानं चिमट्याच्या तेलाचं मिलिटरीचं हिरवं पत्र्याचं डबं आनून द्यायचं कबूल केलं हुतं. एक आदीच दिला हुता. तसलाच एक जुना डबा सुगराबीकडं रिकामा पडला हुता. तो म्या मागून नेला हुता, घान्यावर लागायचा म्हनून. आठ दिसांनी मी त्यो परत द्याय गेले. आता तुमी बी जानता, शेजारनीचं भांडं रिकामं परत देत न्हाईत. वाटी आली तर चिमूटभर साखर तरी घालून द्यायची. माझ्या सासूनं मला आयुष्यात दोनच गोष्टी नीट शिकवल्या, एक ही. ईद म्होरं आली हुती, सुगराबीच्या दाराची चौकट पावसानं भेगाळली हुती. चौकटीला जवसाचं तेल चांगलं. लाकडात मुरतं आन वाळून कातड्यावानी घट्ट बसतं. म्हनून म्या डब्यात जवसाचं तेल भरलं. गेले तवा ती नमाजाला उभी हुती. मधी कशाला बोला? डबा परड्यातल्या फळीवर ठिवला आन आले. मागनं सांगू म्हनलं.

मागनं सांगायचं राहून गेलं. एवडंच.

त्या दिशी दुपारी सयाजीराव आला. परड्यात बाज टाकून बसला. हंबीरराव हुभा. मी भिंतीला रेलून तमाशा बघाय तयार. सुगराबी दारात, डोक्यावर पदर, लागंल ते हातात द्याय.

अल्लाबक्षानं फटफटीचं पुढचं चाक दगडांवर उचलून घेतलं. तळहातानं चिमट्याचा एक पाय वरपास्नं खालपतूर चाचपला, जसं कुनी बैलाचा पाय बघतं. खालचा स्क्रू काढला. काळं, पान्यावानी तेल सुगराबीच्या मोडक्या कढईत पडाय लागलं. त्यानं हँडल धरून चिमटा दाबला, सोडला, दाबला, सोडला. आतलं उरलंसुरलं फसाफसा बाहीर आलं. मंग दुसरा पाय. मंग वरची टोपनं काढून आत घासलेट वतलं, खळाळून काढलं. सगळ्या परड्याला घासलेटाचा वास. माझं डोकं उठलं.

सयाजीराव येळ बघत हुता. त्येची चारची गाडी ठेसनावर हुभी. "मेस्त्री, आवरा जरा. माझी गाडी माझ्यासाठी थांबती, पर पाशिंजरं थांबत न्हाईत."

"एका पायाला दीड नवटाक तेल, सायेब," अल्लाबक्ष म्हनला. "कमी न्हाई, जास्त न्हाई. सुगरा, आक्काचं नवटाक दे."

माझ्या घान्यावरचं माप हुतं ते. त्येनं डब्यातलं तेल मापात घेताना काठावर बोट ठिवलं. तेल बोटाला लागलं की थांबायचा. थेंब सांडला न्हाई. सयाजीराव बाजंवर पुढं सरकून बसला. हंबीररावानं माझ्याकडं बघून मिशीवर हात फिरवला.

डाव्या पायाला डब्यातलं तेल पुरलं. उजव्याच्या येळंला डबा संपला.

"दुसरा डबा हाय का गं?" अल्लाबक्षानं इचारलं.

"हाय की," सुगराबी म्हनली. फळीवर हिरवा डबा भरलेला. तिला वाटलं, हंबीररावानं आनून ठिवला. कबूल केला हुता न्हवं त्येनं? हंबीररावाला वाटलं, घरातला असंल. त्यो काय बोलला न्हाई. आन मला? सूर्यनारायनाची शपथ, मला हिरवा डबा दिसला आन मिलिटरीचा डबा एवडंच वाटलं. आठ दिस झालं हुतं, डोक्यात शंभर गोष्टी.

सुगराबीनं मापात वतलं. "जरा उजळ दिसतंय," ती म्हनली.

"नवं असंल. नवं उजळच असतं." अल्लाबक्षानं बोट बुडवलं. अंगठ्यावर घासलं. "पातळ हाय. चिकट बी बेताचं."

बोट तोंडाकडं निघालं आन मधीच थांबलं.

सयाजीराव म्हनला, "काय झालं? हंबीरराव म्हनत हुते, तुमी तेल चाखून बघता. चाखा की."

"रोजा हाय, सायेब."

"मंग थुका."

"थुकलं तरी मनाला लागतं." त्येनं बोट फडक्याला पुसलं. "रोजा सुटस्तोवर थांबला असता तर बरं झालं असतं."

"तवर मी फलटनात असंन."

आन तवा, बाई, मी बोलले. गप ऱ्हायचं शिकवलंच न्हाई कुनी. "राहू द्या मेस्त्री," म्या म्हनलं, "आज जिभंला सुट्टी द्या. रोज रोज तेल पिऊन पोट बिघडंल." सयाजीराव हसला. हंबीरराव हसला. सुगराबी पदरात हसली. आन अल्लाबक्ष बी हसला, डाव्या बाजूनं. त्येनं दीड नवटाक तेल उजव्या पायात वतलं, टोपनं आवळली आन हात पुसून हुभा ऱ्हायला.

हंबीरराव गाडीवर बसला, बाजारपेठंतनं ठेसनापतूर गेला, परत आला. रस्त्यावरच्या खड्ड्यांत मुद्दाम घातली. "लोण्यावानी," म्हनला. सयाजीरावानं सोता खाली बसून चिमटा दाबून बघितला, आन उठला तवा अल्लाबक्षाचा हात हातात घेतला. "ईद झाली की या फलटनला."

त्या संध्याकाळी रोजा सोडताना अल्लाबक्षानं खजूर हातात धरला आन लय येळ खाल्ला न्हाई. सुगराबीनं भिंतीवरनं मला डोळ्यानं खुनावलं. त्यो रडत हुता. म्या काय बी चेष्टा केली न्हाई. आयुष्यात तेवडी एक बार.

ईद झाली, त्यो फलटनला गेला. सयाजीरावाच्या गाड्या अशा चालाय लागल्या की ड्रायव्हर म्हनायचे, आंधळा मेस्त्री इंजनाला कान लावतो आन नाव-गाव सांगतो. आठवड्याला घरी यायचा तवा ठेसनापास्नं काठी न घेता चालायचा. पायरीवर पैसा टाकनाऱ्या गावानं त्येला मेस्त्री म्हनाय सुरवात केली. मी म्हनायची, "आता आमचं बेरिंग कोन बघनार? मोठ्या मानसाला बोलवाय बी भ्या वाटतं." आन त्यो घान्यापाशी बसून बेरिंग ऐकायचा, कान देऊन, डोकं तिरपं करून. दोन म्हैनं असं चाललं.

दिवाळीच्या सुमाराला हंबीरराव माझ्याकडं तेल न्याय आला हुता. जाता जाता म्हनला, "आक्का, गाडी पुढनं जरा कडक लागतीया. अल्ल्या आला की दाखवतो." पर दिवाळीत सर्विस गाड्यांना गर्दी, अल्लाबक्ष फलटनलाच. हंबीरराव म्हनला, भाऊबीज झाली की बघू.

भाऊबीजेला त्यो कोरेगावला बहिनीकडं निघाला. सालप्याच्या घाटात वळनावर चाकाखाली दगड आला. चिमट्याचा एक पाय खाली गेला, दुसरा हालला न्हाई. हँडल हातातनं फिरलं. गाडी कठड्यावर गेली आन हंबीरराव तिच्याखाली.

बैलगाडीतनं आनला. दवाखान्यात नेला, तिथनं घरी आनला. डॉक्टरनं घरी न्या म्हनलं की काय ते सगळ्यांना कळतं. चार दिस जगला. चौथ्या दिशी सगळा गाव वट्ट्यावर. सयाजीराव फलटनहून आलेला, अल्लाबक्ष बाजंच्या पायाशी बसलेला. हंबीरराव एकाएकी साफ बोलला. "गाडीचा दोष न्हाई. मीच जोरात हुतो. अल्ल्याला कुनी बोल लावू नगा." राहीबाईनं, त्येच्या आईनं, त्येच्या तोंडात पानी घातलं. ते पोटात गेलं न्हाई.

गावानं ते बोलनं ऐकलं आन गावाचं समाधान झालं. घाट वाईटच हाय, पोरगं बी गरम रगताचं. अल्लाबक्षाला कुनी काय म्हनलं न्हाई. सयाजीराव त्येला म्हनला, "दहावं झालं की या कामावर."

पर त्येच्या मनाला चैन न्हवती. मोडकी फटफटी राहीबाईच्या गोठ्यात टाकली हुती. त्यो सुगराबीचा हात धरून तिथं गेला. चिमट्याचा डावा पाय दाबला. वाकला हुता तरी हालला. उजवा दाबला, दगड. खालचा स्क्रू काढला. काय बी पडलं न्हाई. सायकलीच्या चाकाची तार आत घातली, फिरवली, बाहीर काढली. तारंला गुळाच्या पाकावानी तारा, आन वर साय धरलेली. बोटानं घेतली. आन आता रोजा न्हवता.

हे मला सुगराबीनं मागनं सांगितलं. मला ठाव हाय ते त्येच्या पुढचं. मी घान्यावर बसले हुते. दोगं दारात आली. अल्लाबक्ष म्हनला, "आक्का, जवसाचं तेल हाय का?"

"हाय की," म्या म्हनलं. गावात दुखवटा म्हनून तोंड आवरलं हुतं, तरी जीभ गप बसती व्हय? "चटनी करायची का काय? आज बरी आठवन झाली शेजाऱ्याची."

त्यो बोट म्होरं करून हुभा ऱ्हायला. म्या त्येच्या बोटावर दोन थेंब सोडलं. त्येनं जिभंला लावलं. थुकला न्हाई. गिळलं.

"आक्का," त्यो म्हनला, "श्रावनात तुमी आमचा डबा परत दिला हुता. रिकामा दिला न्हवता न्हवं?"

"रिकामा कसा दीन?" म्या म्हनलं. "जवसाचं भरून दिलं हुतं, तुमच्या चौकटीला लावाय..."

आन बोलता बोलता माझं मलाच दिसलं. फळी दिसली, घासलेटाचा वास आला, सयाजीराव हसलेला ऐकू आला, आन माझा सोताचा आवाज. आज जिभंला सुट्टी द्या.

घान्याचा बैल फिरत हुता. म्या त्येला थांबवलं. सुगराबी भिंतीला टेकून खाली बसली.

"मी मारलं त्येला," म्या म्हनलं.

"तेल तुमचं," अल्लाबक्ष म्हनला, आन त्येचा आवाज अगदी साधा, दर सांगावा तसा. "हात माझा. चाखायचं काम माझं हुतं. रोजा सोडून चाखलं असतं तर अल्ला इचारनार हुता. आता बी इचारंल." मंग म्हनला, "राहीबाईकडं नेता का मला? सुगराच्यानं चालवत न्हाई."

म्या नेलं. त्येचा हात धरला, पर कोन कुनाला नेत हुतं ते देवाला ठाव. वाटंत म्या ठरवलं, त्यो बोलायच्या आत मी बोलायचं.

राहीबाई चुलीम्होरं बसली हुती. चूल पेटवली न्हवती. आमाला बघून म्हनली, "ये रं बाबा. ये बनू."

अल्लाबक्ष उंबऱ्यातच बसला. "काकी, गाडीचा दोष हुता," त्यो म्हनला. "चिमट्यात म्या चुकीचं तेल घातलं. ते आत थिजलं. हंबीर जोरात न्हवता. माझ्यामुळं पडला."

म्या त्वांड उघडलं. त्येला कसं कळलं कुनास ठाव. माझं मनगट त्येच्या हातात हुतं, ते त्येनं असं दाबलं की माझ्या तोंडातनं शबुद निघाला न्हाई.

राहीबाई म्हनली, "माझ्या ल्योकानं मरताना काय सांगितलं, ऐकलंस तू?"

"ऐकलं."

"साऱ्या गावानं ऐकलं. त्येच्या तोंडातनं शेवटचं तेवडंच आलं. आय म्हनला न्हाई त्यो, पानी म्हनला न्हाई. तुला बोल लावू नगा म्हनला." तिचं डोळं कोरडं. "आता तू यिऊन म्हनतोस, त्यो खोटं बोलला. त्येचा तेवडा एक शबुद हाय माझ्याकडं. त्यो तू खोटा करू नगंस. गावात ह्यातलं अक्षर काढलंस, तर तुला माझ्या ल्योकाची आन हाय."

"काकी..."

"ऊठ. जा. परत ह्या उंबऱ्याला पाय लावू नगंस."

आमी उठलो. वाटंत त्येनं माझं मनगट सोडलं. चार बोटांचं वळ उठलं हुतं. त्यो म्हनला, "तुमी बी गप ऱ्हावा आक्का. तिला अजून एक नाव कशाला? सोसायला एक पुरं."

दहावं झालं, त्यो फलटनला गेला न्हाई. सयाजीरावानं दोनदा मानूस धाडला. अल्लाबक्षानं सांगितलं, "माझी जीभ गेली. आता तेल कळत न्हाई." सयाजीरावाला वाटलं, दोस्ताच्या दुख्खानं भरमलाय. गावाला बी तसंच वाटलं. खरं कारन सांगाय राहीबाईनं घातलेली शपथ आडवी आली.

पान्यांची पेटी त्येनं घासलेटात धुवून, पुसून फळीवर ठिवली. बाजा इनाय शिकला. आंधळ्या मानसाला ते जमतं. सुंभ वढायचा, गाठ मारायचा. लोणंदातल्या निम्म्या घरांत त्येनं इनलेली बाज हाय. माझ्याकडं बी हाय. लोकं दारात सुंभ टाकून जायची आन जाताना वट्ट्यावर पैसा ठिवायची. त्यो वाजला की अल्लाबक्षाचं डोकं जरा तिरपं व्हायचं, जसं इंजन ऐकताना व्हायचं. बस. मी भिंतीवरनं काय बोलले तर हसायचा, पर सुगराबी हसायची बंद झाली. माझं भांडं तिच्याकडनं आलं तर घासूनपुसून आलं, आन रिकामं.

एकोनपन्नासच्या थंडीत त्यो छातीच्या दुखन्यानं गेला. सुगराबीला तिच्या भावानं मिरजंला नेलं. जाताना माझ्या गळ्यात पडली न्हाई, दारात हुभी ऱ्हाऊन म्हनली, "आक्का, चौकटीला तेल लावाय पायजे हुतं." आन टांग्यात बसली.

राहीबाई मातूर तेल न्याय माझ्याकडंच येती. मागच्या पावसाळ्यात आली. म्हनली, "बनू, दाराची चौकट भेगाळलीया. जवसाचं दे."

"जवस न्हाई घालत आता घान्याला."

"कवापास्नं?"

"लय दिस झालं."

तिनं करडईचं घेतलं. भांडं आनलं न्हवतं, म्हनून माझा तांब्या दिला. चार दिसांनी परत द्याय आली. उंबऱ्यात हुभी ऱ्हायली, दम लागला हुता, म्हातारी झालीया. तांब्या माझ्या हातात दिला. जड लागला. आत काठोकाठ जवस हुतं, दाना दाना निवडलेलं.

"तुझ्याकडं मिळत न्हाई म्हनलीस," राहीबाई म्हनली, "मळ्यात आलं हुतं थोडं. रिकामा कसा देऊ तांब्या?"

मी त्यो धरून हुभी ऱ्हायले. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. बोलायची येळ हुती ती, आन म्या, जलमभर बोलत आलेली बाई, "बस की, च्या घे," एवडंच म्हनलं.